पोच, मोजणी आणि ६५,५३५ ची मर्यादा

चोर घरांत शिरला म्हणजे कांहीं तरी नाहींसें होतें. भांडें जातें, दागिना जातो, निदान कुलूप तरी मोडतें. म्हणून सुरक्षिततेची गोष्ट निघाली कीं मनुष्याच्या डोळ्यांपुढें प्रथम कुलूप येतें. परंतु अपकाराचा दुसराहि एक प्रकार आहे, आणि त्यांत अपकार करणारा उंबरठासुद्धां ओलांडीत नाहीं. तो दवाखान्याच्या दारांत आडवा उभा राहतो. आंतील औषधांच्या बाटल्या जागच्या जागीं असतात, वैद्याचें ज्ञान शाबूत असतें, रोग्यांची नोंदवही कोणी चाळलेली नसते. पण रोग्याला आंत जातां येत नाहीं. कांहींच चोरीला गेलें नाहीं, आणि तरीहि ज्याच्याकरितां तो दवाखाना उघडला होता त्याच्या दृष्टीनें सर्वच गेलें. संगणकाच्या जगांत या प्रकाराला 'डिनायल ऑफ सर्व्हिस' म्हणतात. मराठींत त्यास 'सेवारोध' म्हणावयास हरकत नाहीं.

हा सेवारोध दोन रीतींनीं घडतो. दारावर एकदम मोठी गर्दी लोटून देणें ही एक रीत. ६ सप्टेंबर १९९६ रोजीं न्यूयॉर्कमधील पॅनिक्स या इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीवर असा प्रसंग आला. तिच्या यंत्रांकडे संभाषण सुरू करण्याच्या विनंत्यांचा पूर लोटण्यांत आला, आणि त्यांवरील परतीचे पत्ते खोटे होते. यंत्रें प्रत्येक विनंतीची नोंद करून उत्तराची वाट पाहात बसलीं, उत्तर कधींच आलें नाहीं, नोंदीची जागा भरून गेली, आणि खऱ्या ग्राहकांना कित्येक दिवस हाल सोसावे लागले. दुसऱ्या रीतींत एवढी गर्दी जमवावी लागत नाहीं. आंतील व्यवस्थेंतच एखादें असें व्यंग असतें कीं एकाच मनुष्यानें ठराविक क्रमानें ठराविक मागणी केली कीं सारें यंत्र जागच्या जागीं थांबतें. १७ जून २०१९ रोजीं अशाच एका व्यंगाची माहिती जगापुढें ठेवण्यांत आली. लिनक्स या व्यवस्थेच्या गाभ्यांत तें दहा वर्षें दडून बसलें होतें. त्याच्या मुळाशीं कोणतीहि गूढ विद्या नव्हती. प्राथमिक शाळेंतील मुलाला करतां येईल असा एक गुणाकार आणि एक भागाकार होता.

प्रथम हा गाभा म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. संगणकावर पत्र लिहिणें, हिशेब ठेवणें, चित्र पाहणें अशीं जीं कामें चालतात त्या प्रत्येकासाठीं निराळी आज्ञावली असते. पण या आज्ञावलींना स्मृतीची जागा किती द्यावयाची, प्रोसेसरचा वेळ कोणाला केव्हां मिळावयाचा, तारेवरून आलेला निरोप कोणाच्या हातीं द्यावयाचा, हें ठरविणारी एक मूळ आज्ञावली सर्वांच्या खालीं असते. तिला 'कर्नल' म्हणतात. कोयीच्या आंत जो गर असतो तोच या शब्दाचा अर्थ. लष्करांतील कर्नलाशीं त्याचा संबंध नाहीं, जरी हुकमत तशीच चालते. एखादी साधी आज्ञावली कोलमडली तर ती एकटीच पडते. कर्नल थांबला तर मात्र त्याच्या आधारानें उभें असलेलें सर्व कांहीं एकदम थांबतें.

लिनक्सचा कर्नल लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी येथें लिहावयास घेतला. त्याची संहिता सर्वांना वाचण्यास खुली ठेवण्यांत आली आणि पुढें जगांतील हजारों लोकांनीं तींत भर घातली. आज अँड्रॉइडचे सर्व मोबाइल याच कर्नलावर चालतात. जगांतील पांचशें सर्वांत वेगवान संगणकांची जी यादी निघते तींतील सर्वच्या सर्व पांचशें यंत्रें नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालणारीं आहेत. बँका, रेल्वे, रुग्णालयें आणि सरकारी कचेऱ्या यांना सेवा देणाऱ्या सर्व्हरांतहि त्याचा फार मोठा वांटा आहे. तेव्हां या गाभ्यांतील व्यंग हें दूरच्या एखाद्या प्रयोगशाळेंतील कुतूहल राहात नाहीं. शहरांतील साध्या कुटुंबाच्या दैनंदिन व्यवहाराशीं त्याचा संबंध पोंचतो.

आतां ६५,५३५ या आंकड्याकडे वळूं या. संगणक शून्य आणि एक या दोनच अंकांत लिहितो. एखादी संख्या लिहिण्यासाठीं त्यानें सोळा घरें राखून ठेवलीं तर त्यांत शून्यापासून ६५,५३५ पर्यंतच्या संख्या मावतात. त्यांत आणखी एक मिळविला कीं पुन्हां शून्य येतें. मोटारगाडींत अंतर मोजणारें जें चक्र असे, त्यांत ९९,९९९ नंतर सर्व शून्यें उमटत. तसाच हा प्रकार. गाडी तर पुढें गेलेली असते, पण चक्र म्हणतें ती अद्याप निघालीच नाहीं.

या आंकड्यानें पूर्वींहि एकदां घात केला होता. इंटरनेटवरून जाणाऱ्या पॅकेटाची लांबी सामान्यतः ६५,५३५ बाइटांपर्यंतच असूं शकते. पॅकेट मोठें असलें कीं त्याचे तुकडे करून पाठवितात, आणि मूळ पॅकेटांत कोणत्या जागेपासून हा तुकडा बसवावयाचा तें प्रत्येक तुकड्यावर लिहिलेलें असतें. ही जागा जास्तींत जास्त ६५,५२८ अशी लिहितां येते. त्या जागेवर सात बाइटांहून मोठा तुकडा बसवूं गेलें तर जोडलेलें पॅकेट मर्यादेच्या बाहेर जाणार हें उघड आहे. १९९६ सालीं लोक असे तुकडे मुद्दाम पाठवूं लागले. त्या वेळच्या अनेक व्यवस्थांच्या गाभ्यांनीं ते निमूटपणें जोडले, राखून ठेवलेल्या जागेच्या पलीकडे लिहिलें, आणि यंत्रें बंद पडलीं. या प्रकारास 'पिंग ऑफ डेथ' असें भीषण नांव मिळालें. दुरुस्ती सोपी होती : जोडण्यापूर्वीं बेरीज करून पाहावी. ती झाली, आणि सर्वांनीं सुटकेचा श्वास टाकला.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत एक अत्यंत उपयुक्त सुधारणा प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. पुढील सर्व कथा तिच्याभोंवतीं फिरते. म्हणून ती थोडी समजून घेणें अवश्य आहे. इंटरनेटवरील बहुतेक व्यवहार टी.सी.पी. नांवाच्या नियमांनीं चालत आले आहेत. या नियमांचा पाया व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनीं १९७४ सालीं घातला. त्यांचें तत्त्व रजिस्टर टपालासारखें आहे. मजकुराचीं पुडकीं करावयाचीं, त्यांवर क्रमांक घालावयाचे, आणि पलीकडून पोच आल्याशिवाय आपल्याकडील प्रत फेकावयाची नाहीं. जुनी पोच मात्र एकाच प्रकारची असे : 'अमुक क्रमांकापर्यंत सर्व मिळालें.' समजा, दहा पुडकीं पाठविलीं आणि तिसरें वाटेंत हरवलें. घेणारा म्हणणार, 'दोनपर्यंत मिळालीं.' चारपासून दहापर्यंतचीं त्याच्या हातांत आहेत, पण हें सांगण्यास त्याच्यापाशीं शब्द नाहींत. मग पाठविणारा अंदाजानें वागणार, आणि पोंचलेलीं पुडकींहि कदाचित् पुन्हां पाठविणार. १९९६ च्या नव्या नियमानें तो शब्द दिला. 'दोनपर्यंत मिळालीं, शिवाय चार ते दहाहि मिळालीं.' या निवडक पोचेचें संक्षिप्त नांव 'सॅक'. खराब तारेवरसुद्धां काम जलद होऊं लागलें, आणि ही सोय जवळजवळ सर्वत्र रूढ झाली.

परंतु या सोयीनें पाठविणाऱ्या यंत्राच्या डोक्यावर एक ओझें ठेवलें. चार ते दहा पोंचलीं हें कळलें, तरी तिसऱ्याची पोच येईपर्यंत त्यांच्या प्रती जपून ठेवाव्या लागतात. कारण घेणाऱ्यानें जागेअभावीं तीं पुडकीं टाकून दिलीं तर नियमानें तो दोषी ठरत नाहीं. मोठ्या व्यवहारांत अशा प्रतींची रांग लांबच लांब होते, आणि प्रत्येक नव्या पोचेबरोबर ती धुंडाळावी लागते. मार्च २००९ मध्यें निघालेल्या लिनक्सच्या २.६.२९ या आवृत्तींत यावर एक युक्ति योजण्यांत आली. निवडक पोच आलेल्या शेजारशेजारच्या प्रती एकत्र बांधून त्यांचा एक मोठा गठ्ठा करावयाचा, म्हणजे रांग आंखूड होते. गठ्ठ्यावर एक चिठ्ठी असते, आणि हा माल किती पुडक्यांनीं गेला ती संख्या तिच्यावर लिहिलेली असते. या संख्येसाठीं राखलेलीं घरें होतीं सोळा.

सोळा घरें अपुरीं होतीं काय? सामान्य व्यवहारांत मुळींच नाहीं. नेहमींच्या प्रोसेसरवर अशा एका गठ्ठ्यांत १७ कप्पे असूं शकतात आणि प्रत्येक कप्प्यांत ३२ किलोबाइट माल मावतो. म्हणजे भरगच्च गठ्ठ्यांत ५,५७,०५६ बाइट झाले. एका पुडक्यांत एरव्हीं सुमारें १,४६० बाइट जातात. भागाकार केला तर चिठ्ठीवर ३८२ लिहावे लागतील. जेथें पासष्ट हजारांवर मावतात तेथें ३८२ ची काय कथा? खान्याची रुंदी ठरविणाऱ्यास ती ऐसपैस वाटली असल्यास नवल नाहीं.

पण पुडक्याचा आकार कोण ठरवितो? येथेंच खरी मेख आहे. संभाषणाच्या आरंभीं प्रत्येक पक्ष दुसऱ्यास सांगतो कीं, 'माझें दार लहान आहे, यापेक्षां मोठें पुडकें पाठवूं नये.' ही सोय दुबळ्या यंत्रांवर दया म्हणून ठेवलेली आहे. लिनक्स ही विनंती ४८ बाइटांपर्यंत खालीं मान्य करीत असे. त्या ४८ पैकीं ४० बाइटांपर्यंतची जागा पत्ता-सूचनांसारख्या आनुषंगिक मजकुरांत जाऊं शकते. मालासाठीं उरतात अवघे ८. आतां तोच भागाकार पुन्हां करून पाहावा. ५,५७,०५६ ला ८ नीं भागिलें तर ६९,६३२ येतात. चिठ्ठींत मावतात ६५,५३५.

१९५७ सालीं दशमान नाणें येण्यापूर्वीं रुपयाच्या १९२ पै होत. एखाद्या पेढीच्या वहींत 'दिलेलीं नाणीं' असा तीन अंकी खाना असता, तर दहा रुपये देतांना रुपयांत १० लिहावे लागते, आण्यांत १६०, आणि खाना रिकामाच वाटला असता. पण कोणी हटवादी गिऱ्हाइकानें 'मला सर्व पै हव्यात' असें म्हटलें असतें तर आंकडा होता १,९२०. तीन अंकी खान्यांत कारकुनानें ९२० लिहिले असते, आणि संध्याकाळीं गल्ला व वही यांचा मेळ बसला नसता. रक्कम तीच, गिऱ्हाईक एकच. केवळ मोड बारीक मागितली म्हणून हिशेब बिघडला.

लिनक्सच्या गाभ्यांत नेमकें हेंच घडूं शकत होतें. दूरच्या मनुष्यानें संभाषण सुरू करावें, 'माझें दार अगदीं लहान आहे' असें सांगावें, आणि निवडक पोचा अशा हुशारीनें पाठवाव्या कीं यंत्रानें आठ-आठ बाइटांच्या पुडक्यांचा गठ्ठा बांधीत जावें. संख्या ६५,५३५ च्या पुढें गेली कीं चिठ्ठी शून्यावर येऊन पुन्हां मोजूं लागते. ६९,६३२ पुडक्यांच्या गठ्ठ्यावर ४,०९६ एवढेंच लिहिलेलें राहतें.

आतां कोणी शंका काढील कीं, चिठ्ठीवरील एक आंकडा चुकला म्हणून एवढें मोठें यंत्र कां पडावें? याचें उत्तर या कथेंतील सर्वांत विचार करण्याजोगा भाग आहे. गठ्ठ्यांतून कांहीं पुडकीं हलवितांना कर्नल पडताळा पाहात असे : जितकीं काढावयाचीं तितकीं येथें आहेत ना? आहेत त्यांहून अधिक काढण्याची वेळ आली तर ती अशक्य गोष्ट होय. अशक्य गोष्ट घडली त्या अर्थीं स्मृति बिघडली असावी; बिघडलेल्या स्मृतीनें पुढें काम रेटलें तर लोकांच्या नोंदी नासतील; सबब तत्काळ थांबावें. असा तो सावध हुकूम होता. चुकलेल्या चिठ्ठीमुळें ही 'अशक्य' गोष्ट प्रत्यक्षांत उतरली आणि कर्नलानें आपण होऊन काम थांबविलें. अशा थांबण्यास 'पॅनिक' म्हणतात, म्हणून या व्यंगास 'सॅक पॅनिक' हें नांव पडलें. शत्रूनें कांहीं मोडलें नाहीं. रखवालदाराच्या सावधपणालाच त्यानें कळ म्हणून वापरलें. त्यासाठीं त्याला परवलीचा शब्द लागत नव्हता, आंत खातें असण्याची गरज नव्हती. यंत्रानें त्याच्याशीं बोलणें सुरू केलें म्हणजे पुरे. त्याला आंतील एक अक्षरहि वाचतां येत नव्हतें. पण इतर कोणालाहि तें वाचतां येऊं नये एवढें तो करूं शकत होता.

'रोगापेक्षां औषध भयंकर' ही म्हण अशा हुकमांना लागू पडते. कर्नल लिहिणाऱ्यांच्या मार्गदर्शिकेंतहि अशा प्रकारें सारें यंत्र थांबविणाऱ्या आज्ञा वापरूं नयेत, इशारा नोंदवावा आणि 'अशक्य' प्रसंगांतूनहि शक्य तितक्या शहाणपणानें वाट काढावी, असें सांगितलेलें आहे. स्वतः टॉरव्हाल्ड्स यांनीं हा मुद्दा अनेक वेळां आणि पुष्कळदां कठोर शब्दांत मांडला आहे.

हें व्यंग शोधून काढिलें जोनाथन लूनी यांनीं. ते नेटफ्लिक्स या घरोघरीं चित्रपट पोंचविणाऱ्या अमेरिकन कंपनींत होते. प्रचंड मजकूर तारेवरून पाठविणें हाच जिचा धंदा, तिच्या माणसाची नजर पोचेच्या हिशेबावर पडावी हें स्वाभाविक होय. त्यांना एकूण चार दोष सांपडले. तीन लिनक्समधील आणि एक फ्रीबीएसडी या दुसऱ्या व्यवस्थेंतील. त्यांपैकीं सॅक पॅनिक हा सर्वांत गंभीर. गूगलमधील एरिक दुमाझे यांनीं लिनक्ससाठीं दुरुस्ती लिहिली. ती वाचून कोणी निराश व्हावा इतकी ती साधी आहे. दोन गठ्ठे जोडण्यापूर्वीं कर्नल आतां विचारतो : एकूण माल ६५,५३५ गुणिलें ८, म्हणजे ५,२४,२८० बाइटांच्या मर्यादेंत राहील ना? आणि पुडक्यांची संख्या ६५,५३५ च्या आंत राहील ना? नसेल तर गठ्ठे निराळेच राहूं द्यावे. रांग थोडी लांब झाली तरी चालेल.

'बैल गेला आणि झोंपा केला' असें अशा प्रसंगीं बहुधा होतें. या वेळीं मात्र व्यंगाची वार्ता आणि दुरुस्त आवृत्त्या एकाच दिवशीं बाहेर आल्या. ज्यांना यंत्र तत्काळ बदलणें शक्य नव्हतें त्यांना दोन तात्पुरते उपाय सुचविण्यांत आले. निवडक पोच बंद ठेवावी, किंवा फार लहान पुडकीं मागणाऱ्यास दारांतूनच परत पाठवावें. दोहोंना किंमत होती. पहिल्यानें खराब तारेवरील काम मंदावतें. दुसऱ्यानें कदाचित् एखादें खरोखरच दुबळें पण प्रामाणिक यंत्रहि ताटकळतें. सेवारोध टाळण्यासाठीं थोडा सेवारोध स्वतःच पत्करावयाचा, असा तो पेंच होता.

या सर्व प्रकरणांत दोषी कोण, असें विचारलें तर एकाकडे बोट दाखवितां येत नाहीं. निवडक पोच ही चांगली कल्पना होती. लहान दाराच्या यंत्रावर दया करणें योग्य होतें. रांग आंखूड करण्याची युक्ति उपयुक्त होती. सोळा घरांचा खाना ३८२ साठीं भरपूर होता. अशक्य गोष्ट दिसतांच थांबणें हेंहि नोंदी वांचविण्याच्या सद्धेतूनेंच ठरलें होतें. पांचहि विटा पक्क्या होत्या, पण त्यांच्यामधील सांधे कोणी तपासले नव्हते. संहिता दहा वर्षें सर्वांना वाचण्यास खुली होती हें खरें. तथापि खुली असणें आणि वाचली जाणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत. सर्वांत मोठा गठ्ठा आणि सर्वांत लहान पुडकें हीं दोन टोंकें एकाच कागदावर मांडून भागाकार करणारा मनुष्य भेटेपर्यंत तें व्यंग सुखानें नांदलें.

१९९६ सालच्या 'पिंग ऑफ डेथ'मध्येंहि हाच धडा होता : परक्यानें सांगितलेलें माप आपल्या वहींत उतरण्यापूर्वीं आपल्या खान्याशीं ताडून पाहावें. तो धडा शिकलेल्या क्षेत्रांत तेवीस वर्षांनीं तोच आंकडा पुन्हां उभा राहिला, कारण धडा एका ठिकाणच्या बेरजेपुरता शिकला गेला होता आणि या वेळीं आडवा आला तो भागाकार.

राहतां राहिला प्रश्न सामान्य गृहस्थाचा. त्यानें कर्नलाची संहिता वाचावी अशी कोणाची अपेक्षा नाहीं. सॅक पॅनिकचा मुख्य धोका सर्व्हरांस होता, हातांतील मोबाइलास तितका नव्हता. तथापि एक गोष्ट दोघांनाहि सारखीच लागू आहे. दुरुस्ती लिहिली गेली म्हणजे ती यंत्रांत पोंचली असें होत नाहीं. ज्या दिवशीं ती प्रसिद्ध होते त्याच दिवशीं व्यंग कोठें होतें हेंहि साऱ्या जगाला कळतें, आणि तेथून पुढें दुरुस्ती न केलेलें यंत्र पूर्वींपेक्षां अधिक धोक्यांत येतें. मोबाइलच्या पडद्यावर नवी आवृत्ति आल्याची सूचना उमटते तेव्हां 'उद्यां पाहूं' असें म्हणण्याचा मोह बहुतेकांस होतो. घरांतील कर्त्या माणसानें तो आवरावा, आणि रुग्णालय, बँक किंवा शाळा यांच्या कारभारांत ज्याचा शब्द चालतो त्यानें तेथील यंत्रांच्या आवृत्त्या किती जुन्या आहेत हें निदान एकदां विचारून घ्यावें. दुमाझे यांच्या त्या थोड्या ओळी १७ जून २०१९ पासून सर्वांना फुकट उपलब्ध आहेत; त्या यंत्रांत घालण्यास लागतो तो केवळ थोडा वेळ आणि घालणारा मनुष्य.